गोंडपिपरीला धरलेलं सूत

एटापल्लीहून आम्ही सकाळी साडेसातला निघालो आणि आम्ही निघालो हे अख्ख्या गावाला कळलं. संगीताने चावी फिरवली आणि बोनेटखालून अशी किंकाळी निघाली, की समोरच्या ओट्यावर दात घासत बसलेला माणूस ब्रश तोंडात तसाच धरून उभा राहिला. दोन कुत्री भुंकत आली आणि जवळ येऊन गप्प झाली. माझी बहीण कमल दारात उभी होती. तिने हात हलवायचा सोडून कानावर ठेवला.

संगीता ही कमलची मुलगी, म्हणजे माझी भाची. सासर मोहर्लीचं, ताडोबाच्या अगदी दाराशी. आठ वर्षं तिथल्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात तिने पोळ्या लाटल्या, आणि पंधरा दिवसांपूर्वी ते काम सोडलं. का, तर सफारीची गाडी चालवायची होती. माहेरच्या गावात एका ठेकेदाराची जुनी उघडी जीप विकायला निघाली होती, ती तिने घेतली. मी कोल्हापूरहून बहिणीला भेटायला आले होते. संगीता म्हणाली, "मावशी, माह्यासंग चाल, तुले वाघ दाखवतो." म्हटलं, चला. माझा जन्म चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलचा, पण लग्नानंतर चाळीस वर्षं पश्चिमेकडे गेली, आणि या जिल्ह्यात जन्मून मी वाघ पाहिला नव्हता हे कोल्हापुरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

आदल्या दिवशी कमलने नव्या गाडीसाठी घरी परित्राण पाठ ठेवला होता. आमच्या बौद्ध घरांत नव्या गोष्टीची सुरुवात अशीच होते. पाठ म्हणताना सगळ्यांनी पांढरं सूत हातात धरलं, नंतर त्याचा तुकडा स्टिअरिंगला बांधला. रीळ बरंच उरलं होतं. कमलने ते माझ्या पर्समध्ये कोंबलं, वाटेत लागेल म्हणून. कशाला लागेल हे तिलाही माहीत नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मोहर्लीत या गाडीची तपासणी होती. जंगलात जाणाऱ्या प्रत्येक गाडीची होते. कागद बघतात, चाकं बघतात आणि सगळ्यात आधी कान लावून आवाज ऐकतात, कारण ओरडणारी गाडी जंगलात नेता येत नाही. गाडी नापास झाली की यादीतला नंबर पुढच्या माणसाला जातो आणि आपण शेपटाला. संगीताने हे मला एका वाक्यात सांगितलं. रिसॉर्टमध्ये तिच्या जागी दुसरी बाई लागलीसुद्धा होती.

गाडी विकणाऱ्याने जाताना सांगितलं होतं, नवाकोरा पट्टा टाकला आहे, नवा पट्टा दोन दिवस वाजतोच, मग बसतो. पट्टा म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी फिरणारा रबराचा बेल्ट. खालच्या मोठ्या पुल्लीवरून तो वरच्या डायनामोला फिरवतो. जुना पट्टाही त्याने प्रामाणिकपणे परत दिला होता. त्या जुन्या पट्ट्यानेच संगीताने मागे जॅक बांधून ठेवला होता.

एटापल्ली ते आलापल्ली रस्ता सागवानातून जातो. एरवी मी त्या सागांवर दोन पानं लिहिली असती. पण किंचाळणाऱ्या गाडीतून जंगल दिसत नाही, फक्त वळून बघणारी माणसं दिसतात. एका वळणावर डोक्यावर टोपली घेतलेली म्हातारी थांबली आणि तिने अगदी काळजीने विचारलं, "काऊन वो बाई, गाडी रडून राह्यली का?" संगीताने "हाव" (होय) म्हटलं आणि गिअर बदलला.

आलापल्लीला चहासाठी थांबलो तेव्हा मी पदर खोचला. इथे थोडी बढाई मारते. ती पुढे माझ्याच अंगाशी आली, त्यामुळे मारायला हरकत नाही.

माझे वडील मूलला राईस मिलमध्ये पट्टे चढवायचे. एकच मोठं इंजिन, त्यावरून वरच्या दांड्यावर पट्टा, दांड्यावरून हलरला (भात सडायच्या यंत्राला), चाळणीला, पंख्याला वेगवेगळे पट्टे. धानाच्या दिवसांत सगळे एकदम फिरत असायचे आणि त्यातला कुठला घसरतोय हे बाबा जेवता जेवता घरातून सांगायचे. घर मिलच्या भिंतीला लागूनच होतं. पट्टा घसरून ओरडायला लागला की बाबा डब्यातून राळेचा खडा काढायचे आणि फिरत्या पट्ट्याला आतून लावायचे. राळ म्हणजे झाडाचा डिंकासारखा रस, धुपात घालतात तीच. ती लागली की कॅनव्हासचा पट्टा पुल्लीला धरून बसायचा आणि आवाज बंद. धानाच्या मुलखातल्या कुठल्याही माणसाला विचारा, पट्टा ओरडला तर काय करायचं. तो राळच सांगेल.

तिथल्या बाजारात मोहाची फुलं, चारोळी असं मांडून एक गोंड बाई बसली होती. "जोहार" म्हटलं, तिनेही "जोहार" (नमस्कार) केला. तिच्याकडे राळ मिळाली. मी पिवळा पारदर्शक खडा उन्हात धरून बघितला आणि बाबांच्या थाटात बोनेट उघडायला सांगितलं. संगीता म्हणाली, "मावशी, हे का लावून राह्यली तू? हे मिल नोहे." मी तिला म्हटलं, पट्टा तो पट्टा. राळेची पूड करून पट्ट्यावर चोळली, गाडी सुरू केली, आणि काय सांगू, आवाज गेला. एकदम गेला. शेजारच्या पानठेल्यावरच्या माणसाने मान डोलावली. मी पर्समधून रुमाल काढून हात इतक्या सावकाश पुसले, की संगीताला हसू आलं.

आष्टीपर्यंत मी राणीसारखी बसले होते. सप्टेंबर अखेर होती, धान निसवायला (लोंब्या टाकायला) लागलं होतं आणि बांधाबांधापर्यंत हिरवा रंग भरून राहिला होता. आष्टीच्या पुलावरून वैनगंगा दिसली, दोन्ही काठांना टेकलेली, गढूळ आणि सुस्त. तिथे आम्ही थांबून कमलने दिलेली सांबारवडी खाल्ली. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे कोल्हापूरच्या वाचकांना सांगायला हवं, नाहीतर तुम्ही वाटी शोधाल. पातळ पारीत कोथिंबिरीचं सारण घट्ट भरून तळतात, वर कढी. कढी अर्थातच घरी राहिली होती. पुलाच्या कठड्याला टेकून मी संगीताला बाबांचे पराक्रम सांगत होते आणि ती खरोखर ऐकत होती.

नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा लागला आणि पंधरा मिनिटांत गाडीने तोंड उघडलं. आधीच्या किंकाळीचं कौतुक वाटावं असा हा आवाज होता, खरखर आणि किंचाळी एकत्र. रस्त्याकडेच्या शेतातली बैलजोडी बिथरून बांध ओलांडून गेली. शेतकरी तिच्या मागे पळाला आणि पळता पळता आम्हाला जे बोलला ते त्याचं बरोबरच होतं. बोनेट उघडलं तर राळेवर रस्त्याची सगळी धूळ बसून पट्ट्यावर काळा राप चढला होता. मिलचा पट्टा कॅनव्हासचा आणि चपटा असतो, हा रबराचा, खाचेत बसणारा. हे मला आलापल्लीतच दिसत होतं. पण बाबांच्या डब्यातल्यासारखा खडा हातात आला आणि मी बघायचं सोडून दिलं. लाज वाटली. पोरीचं आठ वर्षांनी उचललेलं पाऊल आणि मी त्यावर राळ चोळून बसले होते.

तसेच ओरडत गोंडपिपरीत शिरलो. नाक्याजवळ वासुदेवभाऊंचं गॅरेज सापडलं. साठीचे, बारीक, कानामागे पेन्सिल. आम्ही थांबायच्या आधीच ते बाहेर येऊन उभे होते, आवाज पुढे पोचला होता. त्यांनी पट्ट्याला बोट लावलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. राळ कुणी लावली हे त्यांनी विचारलं नाही, ही त्यांची सभ्यता. बाटलीतलं पाणी घेऊन त्यांनी फिरत्या पट्ट्यावर धार सोडली. आवाज बंद झाला. आम्ही एकमेकांकडे बघतोय तोच, पाणी उडून गेल्याबरोबर, पुन्हा सुरू.

"पट्टा गेला," वासुदेवभाऊ म्हणाले. या मापाचा त्यांच्याकडे नव्हता. चंद्रपूरला मिळेल, पण आज रविवार, दुकानं बंद. उद्या दहाला उघडतील. दहाला पट्टा घ्यायचा, तो बसवायचा आणि अकराला मोहर्लीत उभं राहायचं, हे होणार नव्हतं. हे हिशेब संगीताने मनात केले असावेत, कारण ती गॅरेजच्या बाकावर जाऊन बसली आणि हातातल्या चावीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मावशी, मी घरी का सांगू?"

मला तिच्या शेजारी बसवेना. मी बोनेटपाशीच उभी राहिले, आणि पहिल्यांदा त्या दिवशी नीट बघितलं.

पट्टा नवा होता. तरीही त्याची एकच कड झिजली होती, आणि रबराची काळी भुकटी पुल्लीच्या एकाच बाजूला साठली होती. मिलमध्ये असंच दिसायचं, फक्त काळ्याऐवजी पांढरा कोंडा. तो दिसला की बाबा राळेच्या डब्याला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, नवा पट्टा ओरडत असेल तर त्याचा गुन्हा नाही, त्याला वाकडं चालवणाराचा आहे. आणि पाण्याचं म्हणाल तर पावसाळ्यात छपरातून गळून सैल पट्टा भिजला की तो गप्प बसायचा नाही, उलट जास्त घसरून जास्त बोंबलायचा. हा तर पाणी पडल्यावर शांत झाला होता. म्हणजे सैल नव्हता. वाकडा चालत होता.

मग बाबा काय करायचे? ते सूत धरायचे. एका पुल्लीच्या तोंडापासून दुसऱ्या पुल्लीच्या तोंडापर्यंत दोरा ताणायचा. दोन्ही पुल्ल्या एका रेषेत असतील तर दोरा चारही कडांना टेकतो. दोऱ्याचं एक टोक माझ्या हातात असायचं. सात-आठ वर्षांची होते, उंची बरोबर खालच्या पुल्लीएवढी. बाबा म्हणायचे, "धर, आन हलू नोको." एवढंच. दुसऱ्या टोकाला डोळा लावून काय दिसतं ते मला कधी बघायला मिळालं नाही. मी फक्त हलायची नाही.

मी पर्समधून रीळ काढलं. संगीताला हाक मारली आणि खालच्या पुल्लीपाशी बसवलं. वासुदेवभाऊंनी विचारलं, बाई, हे पूजेचं सूत ना? मी म्हटलं, हो, तेच.

"धर," मी संगीताला म्हटलं, "आन हलू नोको." चाळीस वर्षांत माझ्या तोंडून तशी बोली निघाली नव्हती.

खालच्या पुल्लीच्या दोन्ही कडांना सूत टेकलं. वर डायनामोच्या पुल्लीपाशी मी डोळा नेला, तर सूत तिला टेकतच नव्हतं. मध्ये फट होती, दोन तांदळाचे दाणे मावतील एवढी. वरची पुल्ली मागे सरकून बसली होती आणि बिचारा पट्टा तिरका पळत होता. मी वासुदेवभाऊंना बोलावलं. त्यांनी चष्मा चढवून बराच वेळ बघितलं, मग सुताचं माझं टोक स्वतः धरून पुन्हा बघितलं. मग पाने-पकड आणायला आत गेले.

डायनामो कुणीतरी अलीकडेच बदलला होता. वासुदेवभाऊंनी त्याचा मोठा बोल्ट बाहेर काढला, आणि आम्हा तिघांना एकदमच दिसलं. दोन वायसर (गोल चकत्या) बोल्टच्या डोक्याखाली बसवले होते. त्यांची जागा तिथे नव्हती, डायनामो आणि त्याला धरणाऱ्या पट्टीच्या मध्ये होती. बसवणाऱ्याने उलट बसवले, गाडी ओरडायला लागली, मग जुन्या पट्ट्यावर आळ घेऊन त्याला काढलं आणि नव्याला लावलं. नवाही ओरडला. मग मी राळ घेऊन आले. आम्ही सगळे पट्ट्यालाच मारत होतो.

वायसर जागेवर गेले. सूत पुन्हा धरलं. या वेळी मी टोक संगीताच्या हातून घेतलं आणि तिला वर डोळा लावायला पाठवलं. ती बघत राहिली. "चारी कडा टेकल्या, मावशी," ती म्हणाली. मी खाली उकिडवी बसले होते, गुडघे बोंबलत होते, पण मी हलले नाही.

राळेने माखलेला नवा पट्टा आता कामाचा नव्हता. संगीता मागे गेली आणि तिने जॅकला बांधलेला जुना पट्टा सोडून आणला. वासुदेवभाऊंनी तो उलटासुलटा वाकवून बघितला. एक तडा नाही. दोन्ही पुल्ल्या त्यांनी चिंधीने घासून पुसल्या, राळेचा कण ठेवला नाही. पट्टा चढवला, ताणला. मध्यावर अंगठ्याने दाबला तर बोटाच्या पेरापेक्षा जास्त जायला नको, हे ते सांगायच्या आधी मी सांगितलं. त्यांनी मान वर केली. "कोणाच्या हो तुमी?" मी मूलच्या मिलचं नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं.  तरुणपणी त्यांनी त्या मिलमध्ये एक हंगाम पोती वाहिली होती. म्हणाले, "तो माणूस आवाजावरून सांगे. आमाले वाटे, थापा मारते."

संगीताने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, पण ते कळायला मला बोनेटवर हात ठेवावा लागला. तिने जागेवरच रेस दिली, दिवे लावले, पुन्हा रेस दिली. काही नाही. वासुदेवभाऊंची बायको आतून लाखोळीचे (इकडची एक डाळ) गरम वडे घेऊन आली आणि तिने विचारलं, गाडी बंद का केली? त्या वड्यांची चव मी कोल्हापूरपर्यंत घेऊन आले आहे.

निघताना वासुदेवभाऊंनी सुताचा हातभर तुकडा मागितला आणि पेन्सिलीभोवती गुंडाळून ठेवला.

चंद्रपूर लागलं तेव्हा विजेच्या कारखान्याचा धूर उन्हात तांबडा दिसत होता. संगीता त्या दिवसात पहिल्यांदाच मोकळेपणी बोलत होती, कुठल्या पाणवठ्यावर काय येतं, कुठल्या वाटेला धूळ कमी. अंधार पडायच्या आत मोहर्लीत पोचलो. गावात शिरताना कुणी वळून बघितलं नाही. याचा मला इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

सकाळी तपासणीला आलेले साहेब तरुण आणि कडक होते. आमच्या आधीच्या दोन गाड्या त्यांनी परत पाठवल्या. संगीताच्या गाडीपाशी आले, कागद बघितले, आणि म्हणाले, गाडी सुरू करा. संगीता म्हणाली, "सुरूच हाय, सर." साहेबांनी बोनेट उघडायला लावलं, फिरता पट्टा बघितला, मग संगीताकडे बघितलं. सही झाली. मी लांब कडुनिंबाखाली उभी होते. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं आणि ते मी पुसलंही नाही.

पावसाळ्यात बंद असलेले जंगलाचे दरवाजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतात, तोपर्यंत मी राहिले. पहिल्या फेरीत संगीताने मला पुढच्या सीटवर बसवलं. तळ्याच्या काठी वाघीण पसरली होती, आमच्याकडे पाठ करून. आम्ही बराच वेळ थांबलो. निघायची वेळ झाली तेव्हा मी श्वास रोखला, कारण आता इंजिन सुरू करावं लागणार होतं. संगीताने चावी फिरवली. वाघिणीने कानसुद्धा हलवला नाही. बाकीच्यांना तिचे पट्टे दिसले असतील, मी तिचा कान बघत होते.

कोल्हापूरला स्टेशनवर यजमान घ्यायला आले होते. पहिला प्रश्न, वाघ दिसला का. मी म्हटलं, दिसला, पण आधी दुसरं ऐका. आणि रिक्षात बसल्याबसल्या सगळं सांगितलं. चाळीस वर्षं या घरात मी "वडील राईस मिलमध्ये होते" एवढंच म्हणत आले. लोक मुनीम समजायचे आणि मी समजू द्यायची. कोंड्याने पांढरा झालेला, पट्टे चढवणारा माणूस मी कधी कुणाला दाखवला नाही. याची आता मला खंत वाटते. आता विचारलं नाही तरी सांगते.

महिन्याभराने संगीताचा फोन आला. गेटवर एकाची गाडी ओरडायला लागली होती, त्याची फेरी रद्द व्हायची वेळ आली होती. साहेबांनी हिला बोलावणं पाठवलं. मी निघताना तिच्यापाशी ठेवून आलेलं रीळ हिने स्टिअरिंगखालच्या कप्प्यातून काढलं. मी विचारलं, दुसरं टोक धरायला कोण होतं?

"सायबच होते ना," ती म्हणाली. "मी म्हटलं, धरा सर, आन हलू नोका."